‘काय आनलं वं काकू?’

रात्री साडेदहाला गाडी अकोल्याच्या बसस्थानकात शिरली. माहूरहून पुसद-वाशीम करत आलो होतो. पाठी आंबल्या होत्या, पाय सुजले होते, तरी खाली उतरायच्या आधी बाया पिशव्या मोजायला लागल्या. ही सासूची, ही नणंदेची, ही शेजारणींची, ही पोरांची. फाटकाशी एकीचा पुतण्या मोटारसायकल घेऊन उभा होता. काकू जेवली का, गाडीला एवढा उशीर का झाला, यातलं त्यानं काही विचारलं नाही. तिच्या हातातली पिशवी घेता घेता म्हणाला, ‘‘काय आनलं वं काकू?’’

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आमच्याच दोन कार्यकर्त्यांनी ठराव मांडला. यापुढे गटाच्या सहलीत, यात्रेत किंवा शिबिराच्या प्रवासात कोणत्याही बाईनं खरेदी करायची नाही. खाणं आणि तिकीट यापलीकडे पैसा खर्च करायचा नाही. अमरावतीच्या गटानं लगेच पाठिंबा दिला. मतदान पुढच्या बैठकीवर गेलं आहे. मी या ठरावाच्या विरोधात आहे. बैठकीत दहा मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे. ठराव मांडणाऱ्या दोघी माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत. त्यांनी रागावू नये, आणि रागावल्या तर पुढच्या अंकात उत्तर द्यावं.

त्यांचं म्हणणं सरळ आहे, आणि निम्मं खरं आहे. बाया सहा महिने आठवड्याला वीस-वीस रुपये बाजूला टाकून सहलीला येतात आणि गडाच्या पायऱ्यांवर दोन तासांत ते उडवून बसतात. किल्ला बघायचा राहतो, गप्पा राहतात, आपण ठेवलेलं चर्चासत्र तर राहतंच. वर जे विकत घेतात ते काय? कुंकू, हळद, बांगड्या, जोडवी, खण, मंगळसूत्राचे मणी. बाईनं नवऱ्याच्या नावानं अंगावर बाळगायच्या खुणा. एकीकडे आपण पुरुषप्रधान व्यवस्थेवर व्याख्यानं द्यायची आणि दुसरीकडे आपल्याच गाडीच्या टपावर तिचं सामान बांधून आणायचं? माहूरला तर ही विसंगती जास्तच टोचते. बापाच्या सांगण्यावरून मुलानं जिचं डोकं उडवलं त्या रेणुकेच्या दारात हा सौभाग्याचा बाजार भरतो. ‘मग माहूरला गेलाच कशाला?’ असं काही मैत्रिणी विचारतील. जागा बायांनी ठरवली होती. आम्ही फक्त गाडीचं बघितलं.

दहा वर्षांपूर्वी हा ठराव मीच मांडला असता. समाजकार्याची एम.ए.ची पदवी घेऊन नुकतीच कामाला लागले होते. एका शिबिरात सत्तरीच्या एका बाईनं पंढरपूरहून आणलेलं कुंकू मला दिलं, आणि मी ते न घेता तिला कुंकवाचं राजकारण समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘ताई, तुमी म्हनता थे बराबर हाये. पन मी आजपर्यंत कोनाले काई देल्लं नाई. घरातलं सारं त्याईचंच. हे माह्या मजुरीच्या पैशानं घेतलं, म्हनून तुमाले देऊन रायली होती.’’ तिच्या हातातली ती पुडी मला पुढे पुष्कळ दिवस दिसत होती. कुंकवाबद्दलचं माझं मत बदललं नाही. मी आजही लावत नाही. पण ती देत होती तो हात मला तेव्हा दिसलाच नव्हता, एवढं कळलं.

आता थोडं प्रवासाबद्दल. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास सुरू झाला होता. तोवर खेड्यातल्या बाईचा प्रवास म्हणजे माहेर, दवाखाना, लग्न आणि मयत. अर्ध्या तिकिटानं तो वाढला, हे आपण डोळ्यांनी बघितलं. अमरावतीच्या स्थानकावर परतवाड्याच्या, मोर्शीच्या, यवतमाळच्या गाडीला बायांची झुंबड दिसू लागली. शेगावला चार-चार जणी मिळून, कोणा पुरुषाला न घेता, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ लागल्या. ‘बाया उगाच फिरतात, गाड्या भरून टाकतात,’ अशी कुरकुरही लगेच सुरू झाली. बाई कामाशिवाय कुठे जाते म्हटलं की गावाला पोटात दुखतं.

तिकीट अर्धं झालं, पण यादी पुरी राहिली. बाई निघाली की घर तिच्या हातात यादी देतं. शेगावला चालली तर कचोरी आण, फोटो आण, अंगठी आण. पंढरपूरला चालली तर बुक्का, चुरमुरे, तुळशीची माळ. चिखलदऱ्याला चालली तर मध आणि खवा. पुरुष कामानिमित्त जिल्ह्याच्या गावाला जाऊन हात हलवत परत येतो, त्याला कोणी विचारत नाही. बाई मात्र रिकाम्या हातानं आली तर ‘एकटीच चैन करून आली’ म्हणतात. घराबाहेर काढलेल्या दोन दिवसांचं भाडं तिला असं भरावं लागतं. २०२४ पासून काही बायांच्या खात्यात सरकारचे महिन्याला दीड हजार येऊ लागले, तेव्हा तर याद्या आणखी लांबल्या. ‘आता तुयाजवळ पैसा हाये ना!’

परतीच्या वाटेवर वाशीमच्या पुढे मी गमतीनं म्हटलं, ज्यांनी स्वतःसाठी काही घेतलं त्यांनी दाखवा. बाया एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एकीनं केसाची पिन दाखवली. एकीनं तांबूल दाखवला, तोही अर्धा सासूसाठी राखलेला. (माहूरचा हा कुटलेला विडा मला फार आवडतो. दात नसलेल्या म्हातारीलाही खाता येतो, आणि सवाष्ण की विधवा हे तो विचारत नाही.) आणखी दोघी-तिघींनी काही दाखवलं. बाकी साऱ्या गाडीभर सामान होतं आणि त्यातलं जवळजवळ काहीच त्या बायांचं नव्हतं. माझ्या मैत्रिणींनी हीच गाडी बघून निष्कर्ष काढला की बाया खरेदी फार करतात. मला दिसलं ते असं की बाया खरेदी करतच नाहीत, घराची हमाली करतात.

आता त्या गाडीतल्या एकीबद्दल. अकोट तालुक्यातली आहे; यापेक्षा जास्त ओळख देत नाही. नवऱ्यानं औषध घेतलं त्याला सात वर्षं झाली. आपल्या भागात यापुढचं सांगायला नको. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज अर्धं सावकाराचं, म्हणून प्रकरण ‘अपात्र’ ठरलं. सरकारी मदतीचे एक लाख आले नाहीत, पण ‘हिले पैसा भेटला’ ही बातमी मात्र गावभर झाली. ती दिरांच्या घरात मागच्या खोलीत राहते. दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते, हंगामात कापूस वेचते. सहलीला यायला तिला तीन वर्षं लागली.

माहूरच्या पायऱ्यांवर साऱ्याजणी बांगडीवाल्यासमोर बसल्या तेव्हा ही मागे उभी. कोणी ‘तू बस’ म्हणालं नाही, मीही नाही. आम्ही पुढे गेल्यावर ती एकटी परत गेली आणि हिरव्या बांगड्यांचा डझन घेतला. दुकानदारानं विचारलं, घरच्यांसाठी का? ती हो म्हणाली. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी, धुवायच्या लुगड्यात दडवून आणल्या. तिसऱ्या दिवशी धुणं काढताना जावेच्या हाताला लागल्या.

दीर शिकलेला आहे. त्यानं आरडाओरडा केला नाही, हात उचलला नाही. एवढंच विचारलं, ‘‘कोनासाठी घेतल्या?’’

बघा, तीच पिशवी आणि त्याच माहूरच्या पायऱ्या. सवाष्णीला विचारतात, ‘काय आणलं?’ विधवेला विचारतात, ‘कोणासाठी?’ कुंकू ती आणू शकत नाही, कारण तिच्या हातचं कुंकू घेऊन घरी कोण लावणार? गडावरून आलेल्या पुड्या वाटताना सवाष्णी मोजतात आणि त्या मोजणीत ती कुठेच नसते. ती इतरांइतक्याच पायऱ्या चढली, इतरांइतकंच तिकीट भरलं. पण घरी आल्यावर तिच्यासाठी कोणी थांबलेलं नसतं, ‘काय आनलं’ म्हणायलाही नाही. यादीचा जाच जिला आहे तिला निदान यादी तरी आहे. हिच्या हातून घराला प्रसादसुद्धा नको, आणि तिनं स्वतःसाठी काही घेतलं तर तिच्या चारित्र्याचा प्रश्न. बाईनं बांगडी घालावी ती कोणाच्या तरी नावानं, नाव संपलं की हात रिकामा, असा हा हिशेब.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात, १७ मे ला, ग्रामविकास खात्यानं राज्यभरच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. आम्ही ते परिपत्रक घेऊन अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या किती सरपंचांच्या ओट्यावर बसलो! काहींनी ठराव घेतलेही, फोटो निघाले. ठरावानं बांगड्या फोडणं थांबतं, हे मोठंच आहे. पण फोडलेल्या बांगड्यांच्या जागी सात वर्षांनी बाईला स्वतःच्या पैशानं नव्या घ्याव्याशा वाटल्या, तर तो दिवस कोणत्याच परिपत्रकात बसत नाही. तिनं तो दिवस आमच्या सहलीत गाठला होता.

म्हणून माझ्या मैत्रिणींना माझा प्रश्न असा आहे. खरेदीबंदीचा हा ठराव नेमका कोणाला लागू पडणार? यादी घेऊन आलेल्या सवाष्णी थांबणार नाहीत. त्यांच्या मागे घर आहे. त्या आपल्याला चोरून घेतील, नाहीतर पुढच्या वेळी नवऱ्याबरोबर जाऊन घेतील. थांबेल ती एकटीच, जिच्यासाठी गटाची सहल हीच एक जागा होती जिथे तिला ओळखणारं गाव नव्हतं. दिरानं जे विचारलं तेच आपण ठरावाच्या भाषेत विचारणार आहोत, ‘बाई, तुला हे कशाला हवं?’ त्याच्याजवळ रूढी आहे, आपल्याजवळ विचारसरणी. तिला दोन्हीकडून बांगड्या परत ठेवायच्या आहेत.

बैठकीत गाडगेबाबांचं नाव निघालं. त्यांच्या जिल्ह्यात राहून आपण यात्रेच्या खरेदीची बाजू घेता? निघणारच होतं. बाबांचा जन्म अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा, देह ठेवला तोही अमरावतीजवळ, २० डिसेंबर १९५६ ला. कर्ज काढून तीर्थयात्रा करू नका, देवाच्या नावानं पैसा उधळू नका, हे त्यांनी जन्मभर सांगितलं आणि ते पटतंच. पण याच बाबांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. माणसं जाणारच, तर त्यांना निदान छप्पर असावं, हे त्यांना कळत होतं. आणखी एक गोष्ट, थोड्या भीतभीतच लिहिते. बाबा १९०५ साली अंगावरच्या चिंध्यांनिशी आणि एका गाडग्यानिशी घर सोडून निघाले, तेव्हा मागे घर कुंताबाईंनी सांभाळलं. ज्याच्याजवळ काही होतं त्यानं ते टाकून दिलं, याचं मोठेपण मी मानते. जिच्याजवळ कधी काही नव्हतंच तिला त्यागाचा धडा देताना मात्र जरा थांबावं.

आणि आपण कार्यकर्त्या? राष्ट्रीय परिषदेहून परत येतो तेव्हा आपल्या खांद्याला काय असतं? कच्छचं आरसेकाम, लखनौचं चिकन, वारली चित्र काढलेली झोळी, कानात चांदीचे झुमके. त्याला आपण ‘कारागिरांना आधार’ म्हणतो. गडावर आपली बाई साठ रुपयांच्या बांगड्या घेते त्याला ‘बाजाराच्या आहारी जाणं’ म्हणतो. मी स्वतः यातून सुटलेली नाही. माझ्या घरी अशा झोळ्या पाच आहेत.

कारागिरांचं निघालंच आहे तर मेळघाटाकडे वळू, कारण अमरावतीच्या गटाची सहल दरवर्षी तिकडेच जाते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी परतवाड्यापासून घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, गवळ्यांचा खवा मिळतो, मध मिळतो. कोरकू बाया रस्त्याकडेला बसून करवंदं, जांभळं, बांबूच्या टोपल्या विकतात. गाड्यांतून उतरणारे त्यांच्याबरोबर फोटो काढतात आणि मग टोपलीचा भाव पाडतात. हॉटेलात चहाला जे देतात त्यावर कोणी घासाघीस करत नाही, टोपलीवर करतात. आपल्या गटातल्या बायाही करतात, मी करताना बघितलंय. आपल्याला रोजी किती कमी मिळते हे रोज बोलणारी बाई दुसरीच्या दिवसभराच्या कामाचे दहा रुपये कमी करून घेते आणि गाडीत येऊन सांगते, ‘पन्नासाची चाळीसले आनली.’ यावर ठराव करायचा असेल तर मी अनुमोदन देते.

त्या टोपलीमागे काय आहे, हे सहलीत कोणी सांगत नाही. १९२७ चा वन कायदा बांबूला झाड मानत होता. म्हणून जंगलात राहणाऱ्यानं बांबू तोडला की तो गुन्हेगार. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात घातला, तरी प्रत्यक्षात हक्क हातात यायला लढावं लागलं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार मिळाला तो २०११ च्या एप्रिलमध्ये. आपल्याच जिल्ह्यातल्या पायविहीर गावानं सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड रान पुन्हा उभं केलं आणि तिथली सीताफळं गावानं स्वतः मुंबईपर्यंत पाठवली. धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथे शिकून कोरकू बाया-पुरुषांनी बांबूच्या वस्तूंचं काम हातात घेतलं. तिथल्या बांबूच्या राख्या तर दूरदूर गेल्या. (राखीबद्दल माझं काय मत आहे ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. तरीही ती वळणाऱ्या बाईला मजुरी मिळते, तेव्हा मी गप्प बसते.) सहल मेळघाटात नेऊन बायांना नुसता पंचबोल पॉइंट दाखवण्यापेक्षा हे दाखवावं. मग टोपली घ्यायची की नाही, कितीला घ्यायची, ते त्या ठरवतील.

बांगड्यांचंही तसंच. माहूरच्या, शेगावच्या, पंढरपूरच्या दुकानांतल्या काचेच्या बांगड्या बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात. तिथे कारखान्यातल्या भट्टीतून निघालेल्या वेटोळ्याची टोकं जुळवायचं काम घराघरांत चालतं. बाया आणि पोरं छोट्या ज्योतीसमोर वाकून बसतात, डोळे जातात, हात भाजतात, मोबदला डझनांच्या हिशेबात. हे मी आमच्या एका बैठकीत सांगितलं तेव्हा बाया गप्प झाल्या. मग एक म्हणाली, ‘‘म्हंजे थ्या बाईचंही आमच्यासारखंच.’’ यापुढे बांगडी घेऊ नका असं मी म्हणाले नाही. माझ्या अंगावरची साडी कोणी कोणत्या दरानं विणली हे मला कुठे माहीत आहे?

आता अशा एका प्रवासाबद्दल, ज्यातून बाया काही वेगळं आणतात. अकोल्याहून विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीला आणि ६ डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीला जाणाऱ्या गाड्या एकदा बघाव्यात. १९५६ पासून ही रीघ चालू आहे. पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या, कडेवर लेकरं, भाकरी बांधून घेतलेल्या. त्याही परत येताना काही घेऊन येतात, आणि त्यांच्याही घरी पोरं वाट बघत असतात. पण पिशवीत बघा: बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, पुढच्या वर्षाची दिनदर्शिका आणि पुस्तकं. ओळीनं पुस्तकांची दुकानं लागतात आणि वाचता न येणारी बाई तिथे उभी राहून नातीसाठी पुस्तक निवडते. एका आजींना मी अकोल्याच्या फलाटावर विचारलं, आजी, कोणतं घेतलं? म्हणाल्या, ‘‘मले काय मालूम माय, दुकानवाल्या पोराले म्हटलं, पोरीले शिकाले लागन असं दे.’’ त्या पुस्तकाला सवाष्ण लागत नाही, त्याची पुडी मोजून वाटावी लागत नाही. त्या घरांतही पुरुषांचंच चालतं, हे मला माहीत आहे. तिथल्या बाया ते आपल्याला स्पष्ट सांगतात. तरी प्रवासाहून काय आणायचं याची एक नवी रीत लाखो गरीब माणसांनी उभी केली, आणि त्यासाठी कोणाला खरेदीबंदीचा ठराव करावा लागला नाही. आपण स्त्री-चळवळीच्या बायांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, असं मला वाटतं.

आपल्याजवळ काय नाही? ताराबाई शिंदे वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या. विधवेवर सारा दोष टाकून मोकळ्या होणाऱ्या पुरुषांना त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिलं ते १८८२ साली. त्याच बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे, जिथे आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या बाया सर्वांत जास्त जातात. शेगावच्या रस्त्यावर मी अनेकदा फिरले. पोथी, फोटो, माळा, कचोरी, खेळणी सगळं दिसलं, ताराबाईंचं पुस्तक कधी दिसलं नाही. दुकानदाराला दोष देत नाही. कोणी मागितलंच नाही तर तो ठेवील कशाला? आपणही मागितलेलं नाही. आमच्या दोन्ही कार्यालयांत मिळून त्या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत, त्यातली एक मीच दीड वर्षापासून घरी नेऊन ठेवली आहे.

ठरावाच्या जागी काय, असं विचारतील. मोठं काही नाही. सहलीला निघण्याआधीच्या बैठकीत बायांनी घरच्या याद्या मोठ्यानं वाचून दाखवाव्यात. आम्ही अकोल्यात एकदा करून बघितलं, हसून हसून पुरेवाट झाली. एकीच्या यादीत नणंदेच्या नवऱ्याच्या मोटारसायकलीला लावायचा फोटो होता! यादीतलं काय आणायचं आणि काय नाही, ते बाईनं तिथे सगळ्यांसमोर ठरवावं. घरी ‘गटानं आनू देल्लं नाई’ म्हणून सांगायची मुभा. आपल्या नावानं तिची सुटका होत असेल तर आपलं नाव खुशाल खराब होऊ द्यावं. गटाच्या वतीनं जे वाटायचं ते सगळ्याजणींना सारखं वाटावं, सवाष्णींसाठी वेगळी पुडी आपल्या गाडीत नको. आणि बांगडीवाल्यासमोर आपण बसलो तर मागे कोण उभी आहे, हे बघावं. माहूरला मी बघितलं नाही.

त्या हिरव्या बांगड्यांचं काय झालं, हे बैठकीत कोणी विचारलं नाही म्हणून इथे सांगते. दिरानं विचारल्यावर ती म्हणाली, ‘गटाच्या आहेत, ताईले द्याच्या हाये.’ दुसऱ्या दिवशी आणून दिल्या. आमच्या कार्यालयातल्या कपाटात, पावतीपुस्तकांच्या वरच्या कप्प्यात, त्याच वर्तमानपत्रात आहेत. महिन्याच्या बैठकीला ती जरा लवकर येते, कपाट उघडते, बांगड्या घालते, सतरंज्या अंथरते. बैठक संपली की काढून ठेवते. मागच्या वेळी दोन पिचल्या. दहा राहिल्यात. ठराव मांडला गेला तेव्हा ती तिथेच बसली होती, बांगड्या घालून. ती काही बोलली नाही.

मतदान पुढच्या बैठकीत आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या सभासद बायांनी यावं, एकल महिलांनी तर नक्की यावं. नंतरची सहल लवाद्याला न्यावी असं मी सुचवलं आहे. नावं दोन्ही कार्यालयांत नोंदवता येतील. तिकीट अर्धं पडेल, भाकरी घरून आणावी.